७२ तासांच्या आत विचारा

गेल्या काही महिन्यांपासून या सदराकडं कॉलेजच्या मुलामुलींची पत्रं खूप यायला लागलीत, त्यामुळं यावेळची सगळी जागा त्यांनाच दिलीय. नावं, गावं, कॉलेजं काढून टाकलीत, कुणाला ओळखता येईल असं काही ठेवलेलं नाही. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती, एचआयव्ही कशानं होतो हे या मुलांना तोंडपाठ आहे, चार कारणं परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेत, पण उद्या स्वतःवर वेळ आली तर कुठं जायचं, किती तासांत जायचं आणि तिथं गेल्यावर नक्की काय होतं हे जवळजवळ कुणालाच माहीत नाही. म्हणून काही उत्तरं लांबलीत आणि शब्द सरळ वापरलेत, वाचताना अवघडल्यासारखं झालं तरी शेवटपर्यंत वाचा.

प्रश्न : मॅडम, मी २० वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला आहे. परवा रात्री एका मुलीबरोबर पहिल्यांदाच संबंध आले, कंडोम होता पण मधेच फाटला आणि ते आम्हाला नंतर कळलं. ती चांगली मुलगी आहे पण तिचा आधी एक बॉयफ्रेंड होता. तेव्हापासून झोप नाही, रात्रभर गूगलवर लक्षणं वाचतोय, आज घसा दुखतोय आणि छातीवर दोन पुटकुळ्या आल्यात. मला एचआयव्ही झाला असेल का? टेस्ट लगेच करू का? घरी कळलं तर मेलोच.

उत्तर : आधी घसा आणि पुटकुळ्यांचं सांगते म्हणजे थोडा श्वास घेशील. एचआयव्हीची लागण झालीच तर सुरुवातीची लक्षणं साधारण २ ते ४ आठवड्यांनी येतात, दोन दिवसांत येत नाहीत, आणि येतात तेव्हाही ती कुठल्याही व्हायरल तापासारखीच असतात, ताप, घसा, अंगावर रॅश, गाठी. कित्येकांना तर काहीच होत नाही. म्हणजे लक्षणं दिसली म्हणून एचआयव्ही आहे असं नाही आणि दिसली नाहीत म्हणून नाही असंही नाही, तेव्हा आरशासमोर उभं राहून अंग तपासणं आजपासून बंद कर, त्यातून काहीच कळत नाही, फक्त झोप जाते.

आता धोक्याचं. योनीमार्गातल्या संबंधात, बाई पॉझिटिव्ह आहे आणि औषधं घेत नाहीये असं धरलं तरी एका वेळच्या विनाकंडोम संबंधातून पुरुषाला लागण होण्याचं प्रमाण दर १० हजार वेळांमागे साधारण ४ धरतात. हे सरासरीचं आहे, अंगावर जखम असेल किंवा दुसरा गुप्तरोग असेल तर ते वाढतं. आणि या मुलीला एचआयव्ही आहे असं तुझ्याकडं काहीच नाहीये, तिचा आधी बॉयफ्रेंड होता एवढंच आहे. ती चांगली आहे की नाही याचा इथं काही संबंध नाही रे, व्हायरस कुणाचं वागणं बघून येत नाही. तिच्याशी बोललास का? कारण कंडोम फाटला तेव्हा ती पण तितकीच घाबरली असणार, शिवाय तिला दिवस जायची भीती वेगळी.

पण यातली खरी महत्त्वाची गोष्ट तू विचारलीच नाहीस कारण तुला ती कुणी सांगितलीच नव्हती. असा प्रसंग घडल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची औषधं असतात, त्याला पेप म्हणतात. ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि ७२ तास ही शेवटची मर्यादा आहे, जितक्या लवकर पहिला डोस पोटात जाईल तितकं चांगलं, काही तासांत गेला तर उत्तम. मग पुढं २८ दिवस रोज, एकही दिवस न चुकवता. सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत किंवा एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात त्या केंद्रात, जाऊन सरळ सांगायचं की असं असं झालंय, पेप लागेल का बघा. तिथं जमलं नाही तर त्याच दिवशी फिजिशियन गाठायचा. डॉक्टर धोका किती आहे ते बघून ठरवतात, प्रत्येकाला लागतंच असं नाही. तुझ्यासारख्या केसमध्ये कदाचित गरज नाही असंही सांगितलं असतं, पण ते ठरवायला तू ७२ तासांच्या आत समोर असायला हवा होतास. तू पत्र लिहिलंस तेव्हा ते तास शिल्लक होते, माझ्या हातात पत्र पडेपर्यंत आठवडा उलटून गेला होता. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाहीये, जे अजून वाचतायत त्यांच्यासाठी लिहितेय. अशा वेळी पत्र लिहू नका, गूगल करू नका, मित्राला विचारू नका, उठून जा. रात्र असेल आणि काहीच सुचत नसेल तर १०९७ ही एड्सची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

टेस्टचं असं की आज केलीस तर आज निगेटिव्हच येईल आणि त्यातून त्या रात्रीचं काहीच कळणार नाही, कारण शरीराला त्या व्हायरसविरुद्धच्या अँटिबॉडीज तयार करायला वेळ लागतो. याला विंडो पिरियड म्हणतात. लॅबमध्ये जी फोर्थ जनरेशन टेस्ट करतात ती बहुतेकांच्यात ४५ दिवस झाले की खरं सांगते, साध्या रॅपिड किटला ३ महिने धरायचे. म्हणून दीड महिन्यानं एक कर, आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर एक, दोन्ही निगेटिव्ह आल्या आणि मधे दुसरा काही प्रसंग घडला नसेल तर विषय संपला, परत परत टेस्ट करत बसायचं नाही. अशीही मुलं येतात ज्यांचे सात-आठ निगेटिव्ह रिपोर्ट झालेले असतात तरी विश्वास बसत नाही, त्यांचा त्रास मग एचआयव्हीचा नसतो, त्या रात्रीच्या अपराधी वाटण्याचा असतो आणि त्यासाठी काउन्सेलरशी बोलणंच उपयोगाचं.

टेस्ट कुठं करायची तर सरकारी हॉस्पिटलमध्ये आयसीटीसी नावाचा विभाग असतो, मोफत असतो. तिथं काय होतं ते सांगते म्हणजे भीती कमी होईल. एक छोटी खोली असते, दार लावून घेतात, काउन्सेलर तुला काय झालंय, कधी झालंय ते विचारतो किंवा विचारते, टेबलावर बहुतेक वेळा लिंगाचं लाकडी मॉडेल आणि कंडोमची पाकिटं ठेवलेली असतात. ते रोज हेच ऐकतात, तुझी गोष्ट त्यांना धक्कादायक वाटणार नाही. मग संमतीच्या फॉर्मवर सही, शेजारच्या लॅबमध्ये थोडंसं रक्त, आणि रिपोर्ट शक्यतो त्याच दिवशी, तोही तुझ्याच हातात. घरी फोन जात नाही, कॉलेजला पत्र जात नाही. आणि पहिल्या किटवर पॉझिटिव्ह आलं तर तेवढ्यावर तुला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, वेगवेगळ्या तीन टेस्ट करून मगच सांगतात.

प्रश्न : ताई, मी एस.वाय.ला आहे, १९ पूर्ण. बॉयफ्रेंडला कंडोम आवडत नाही, तो म्हणतो माझ्यावर विश्वास नाही का. मी दर वेळी नंतर ७२ तासांवाली गोळी घेते, या वर्षात बऱ्याच वेळा झाली. ७२ तासांच्या आत घेतली की एचआयव्हीपासून पण वाचतो ना? मैत्रीण म्हणाली वाचतो.

उत्तर : नाही गं, अजिबात नाही. आणि तुझ्या मैत्रिणीचा गोंधळ कुठून आला ते मला कळतंय, दोन्हीकडं ७२ हाच आकडा आहे. पण औषधं पूर्ण वेगळी आहेत. तू मेडिकलमधून आणतेस ती गर्भ राहू नये म्हणून, तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचा हार्मोन असतो, तो बीज बाहेर पडणं लांबवतो. एचआयव्ही किंवा सिफिलिस, गनोरियासारखे गुप्तरोग यांच्यावर तिचा काडीचा परिणाम नाही. वर ज्या पेपबद्दल लिहिलंय ती एचआयव्हीविरोधी औषधं, ती २८ दिवस घ्यायची असतात आणि डॉक्टरशिवाय मिळत नाहीत.

शिवाय ही गोळी अडचणीच्या वेळी घ्यायची आहे, नेहमीची पद्धत म्हणून नाही. बीज आधीच बाहेर पडलेलं असेल तर ती काही करू शकत नाही, आणि सारखी घेतली की पाळीचं चक्र विस्कटतं, पाळी लांबते, मग तू दिवस गेले की काय या टेन्शनमध्ये आणखी एक महिना काढतेस. त्यामुळं गायनॅककडं जा आणि नेहमीसाठी काय घ्यायचं ते ठरव. पण त्या रोजच्या गोळ्या किंवा कॉपर टी यांतलं काहीही एचआयव्ही थांबवत नाही, गर्भ टाळायच्या साधनांत ते काम फक्त कंडोम करतो.

आता विश्वासाचं. हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी मला विचारतं आणि दर वेळी विचारणारी मुलगीच असते. त्याला स्वतःला माहीत आहे का त्याला काय आहे आणि काय नाही? टेस्ट केलीय का कधी? त्यानं खोटं बोलावं लागतच नाही, एचआयव्ही वर्षानुवर्षं काहीही त्रास न देता अंगात राहू शकतो, क्लॅमायडिया नावाचा गुप्तरोग तर बहुतेकांना कळतही नाही आणि मुलींच्या बीजवाहक नळ्यांना इजा करून जातो, जे कळतं ते मूल हवं असेल तेव्हा. म्हणून विश्वास ठेवायचाच असेल तर दोघं एकत्र जाऊन टेस्ट करून या, रिपोर्ट एकमेकांना दाखवा, तो विश्वास कामाचा. आणि तू नाही म्हटल्यावरही जो रुसून, भांडून, प्रेमाची शपथ घालून तयार करतो त्याला तुझी संमती मिळालेली नाहीये, तू फक्त थकून गप्प बसलीयस. हे त्याला एकदा दिवसाउजेडी, कपडे अंगावर असताना सांग, त्या क्षणी ते बोलणं जमत नाही. (अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी इथंच लिहिते, १८ च्या आत संमती दिली असली तरी मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात ती धरत नाहीत.)

कंडोम आवडत नाही यामागं पुष्कळदा तो नीट घातलेला नसणं हेच कारण असतं, कोरडा, घट्ट, घाईत ओढलेला. पाकिटावरची एक्स्पायरी बघायची, मग पाकीट अंगठ्यानं दाबून बघायचं, आत हवेचा फुगा लागला पाहिजे, लागला नाही तर कुठंतरी भोक आहे, टाकून द्यायचं. दातांनी किंवा कात्रीनं फोडायचं नाही. टोकाला चिमटीत धरून हवा काढायची आणि लिंग ताठ झाल्यावरच मुळापर्यंत उलगडत न्यायचा, उलटा लावला गेला तर तोच पलटून वापरायचा नाही, नवीन घ्यायचा. तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन यानं लॅटेक्स कमजोर होतं आणि फाटतं, वंगण हवं असेल तर पाण्याचा बेस असलेलंच. एकावर एक दोन घातले की जास्त सेफ असं कुणीतरी पसरवलंय, उलट घासून दोन्ही फाटतात. वीर्य बाहेर आल्यावर ताठरपणा जायच्या आत, बुडाशी धरून बाहेर यायचं. पाकीट-पर्समध्ये महिनोन्‌महिने ठेवलेला कंडोम वापरायचा नाही, उष्णतेनं आणि घासण्यानं खराब होतो.

प्रश्न : मी हॉस्टेलला राहतो. रूममेटच्या कप्प्यात गोळ्यांची डबी दिसली, नाव सर्च केलं तर एचआयव्हीच्या निघाल्या. विचारल्यावर तो रडला, म्हणाला जन्मापासून आहे, आईकडून आलेला. मुलगा एकदम साधा आहे. पण बाथरूम एक, मग एक, कधी कधी एकमेकांचं नेलकटर वापरतो, रूममध्ये डास भरपूर. मी रेक्टर सरांना सांगून रूम बदलून घेऊ का? बाकीच्या मुलांना सावध करायला पाहिजे असं पण वाटतं.

उत्तर : सांगू नकोस. रेक्टरना नाही, मुलांना नाही, तुझ्या जवळच्या मित्रालाही नाही. का ते सांगते.

एचआयव्ही रक्त, वीर्य, योनीतला आणि गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध यातूनच जातो. थुंकी, घाम, अश्रू यातून जात नाही, एका ताटात जेवून, एका मगानं आंघोळ करून, एका पांघरुणात झोपूनही जात नाही. डासाचं म्हणशील तर डास चावताना आपल्या अंगात स्वतःची लाळ सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त सोडत नाही, आणि त्याच्या पोटात गेलेला व्हायरस तिथं वाढत नाही, पचून जातो. नेलकटरनंही एचआयव्ही होत नाही, शरीराबाहेर तो फार तग धरत नाही. रेझर आणि टूथब्रश मात्र आपापले ठेवा, ते कुठल्याही रूममेटबरोबर वेगळेच असावेत कारण हेपॅटायटिस-बी ही कावीळ त्यातून पसरू शकते.

आता त्या डबीबद्दल. ती बघून तू घाबरलास पण ती डबी आहे म्हणूनच तो ठणठणीत आहे. रोज गोळी घेतल्यावर रक्तातला व्हायरस इतका कमी होतो की टेस्टमध्येही सापडत नाही, आणि ज्याचा व्हायरल लोड असा दबलेला राहतो त्याच्याकडून शरीरसंबंधातूनसुद्धा लागण होत नाही. हे अंदाजानं म्हणत नाहीये, युरोपात पार्टनर नावाचा मोठा अभ्यास झाला, एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा जोडप्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, कंडोम न वापरताही औषधांवर असलेल्या जोडीदाराकडून एकालाही एचआयव्ही गेला नाही. मग तुझं आणि त्याचं तर फक्त बाथरूम एक आहे.

आपल्याकडं सरकारी केंद्रांत ही औषधं मोफत मिळायला १ एप्रिल २००४ पासून सुरुवात झाली. त्याआधी आईकडून लागण होऊन जन्मलेली कितीतरी बाळं शाळेत जायच्या आधीच गेली. त्यानंतरची मुलं या गोळ्यांवर वाढली, आणि आज ती तुझ्या शेजारच्या बेंचवर बसलीत, ही इतकी आनंदाची गोष्ट आहे की मला ती लिहितानाही भरून येतं. तुझ्या रूममेटनं लहानपणापासून रोज गोळी घेतलीय, घेताना कुणी बघत नाही ना हे बघितलंय, कशाची गोळी विचारलं तर काहीतरी सांगून वेळ मारून नेलीय. तुझ्यापुढं तो रडला कारण आता तू काय करणार हे त्याला कळत नव्हतं.

कायद्याचंही ऐक. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कुणाला शिक्षण, नोकरी, राहायची जागा किंवा उपचार नाकारता येत नाहीत, ॲडमिशनसाठी किंवा नोकरीसाठी टेस्टची अट घालता येत नाही, आणि विश्वासानं कळलेली ही माहिती त्याच्या संमतीशिवाय पुढं सांगणं बेकायदा आहे. म्हणजे रेक्टरना कळलं तरी ते त्याला काढू शकत नाहीत, पण हॉस्टेलभर कुजबुज सुरू झाली की तो स्वतःच निघून जाईल, आणि जाताना गोळ्याही सुटायची भीती असते, तो खरा धोका.

तू काय करू शकतोस तर आज रात्री त्याला एवढंच सांग की मी कुणाला बोललो नाही आणि बोलणार नाही. आणि गोळी घेताना तो दरवाजाकडं बघत असेल तर दरवाजा लावून घे.

प्रश्न : कॉलेजमध्ये पुढच्या आठवड्यात रक्तदान शिबिर आहे. रक्त तपासतातच ना, मग तिथं देऊन टाकलं तर फुकटात एचआयव्ही टेस्ट पण होईल आणि कुणाला संशय पण येणार नाही. बरोबर ना?

उत्तर : चूक, आणि ही चूक दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर येऊ शकते. तपासतात हे खरं, पण विंडो पिरियडमध्ये टेस्ट निगेटिव्ह येऊन रक्तात व्हायरस असू शकतो आणि ते रक्त मग बाळंतिणीला, थॅलेसेमियाच्या मुलाला चढतं. फॉर्मवर जोखमीच्या संबंधांचा प्रश्न असतो तो याचसाठी असतो, तिथं खरं लिहायचं. शंका असेल तर शिबिराला जाऊ नकोस, आयसीटीसीत जा. शंका नसलेल्यांनी मात्र बिनधास्त रक्त द्या, सुई नवी असते, देणाऱ्याला त्यातून एचआयव्ही होत नाही.

प्रश्न : रोज हस्तमैथुन करतो, झोपेतही होतं, धात जाऊन अंगातली ताकद कमी झाली तर एचआयव्ही लवकर पकडतो असं एका जाहिरातीत वाचलं.

उत्तर : जाहिरात देणाऱ्याला औषध विकायचंय. हस्तमैथुनानं ताकद जात नाही, रोगप्रतिकारशक्ती कमी होत नाही आणि एचआयव्ही तर होऊच शकत नाही, दुसऱ्याकडून आल्याशिवाय तो येत नाही. झोपेत होणंही नॉर्मल. पैसे वाचव.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे आणि मला मुलगे आवडतात, हे घरी, कॉलेजात कुणालाच माहीत नाही. एका ॲपवरून दोनदा भेटलो, कंडोम एकदाच वापरला. सगळे म्हणतात आमच्यासारख्यांना एचआयव्ही होणारच. डॉक्टरकडं गेलो तर ते पोलिसांना सांगतील का?

उत्तर : पोलिसांचा काही संबंध नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. आणि होणारच हे साफ खोटं. पण गुदमार्गातल्या संबंधात धोका जास्त असतो हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, तिथलं अस्तर पातळ असतं, बारीक चिरा पडतात, म्हणून पॉझिटिव्ह आणि औषधांवर नसलेल्या जोडीदाराकडून घेणाऱ्याला लागण होण्याचं प्रमाण दर १० हजार वेळांमागे साधारण १३८ धरतात. हे तुम्ही कोण आहात म्हणून नाही, अस्तर कसं आहे म्हणून. हेच एखाद्या मुलीलाही लागू आहे.

म्हणजे कंडोम दर वेळी, आणि त्याबरोबर पाण्याचा बेस असलेलं वंगण भरपूर, कोरड्यात कंडोम फाटतो. दुसरं, प्रेप म्हणून गोळी असते, ती निगेटिव्ह माणसानं आधीपासून रोज घ्यायची, नीट घेतली तर संबंधातून होणारी लागण जवळपास सगळीच टळते. डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतात, आधी एचआयव्ही आणि किडनीची टेस्ट, मग दर तीन महिन्यांनी एचआयव्ही टेस्ट, मनानं ऑनलाइन मागवून सुरू करायची नाही. ती सिफिलिस, गनोरिया थांबवत नाही म्हणून कंडोम सुटत नाही. शेवटच्या भेटीला ७२ तास झाले नसतील तर हे वाचून खाली ठेव आणि पेपसाठी निघ. झाले असतील तर टेस्ट वर लिहिल्याप्रमाणे. आणि समोरचा डॉक्टर तोंड वाकडं करणारा निघाला तर तुझी चूक समजू नकोस, दुसरा गाठ, १०९७ वर विचारलंस तर तुझ्या भागातली केंद्रं सांगतात.

प्रश्न : लिंगावर एक फोड आला होता, दुखत नव्हता, तीन-चार आठवड्यांत आपोआप बरा झाला. आता काही नाही. तरी दाखवायची गरज आहे का?

उत्तर : आहे, याच आठवड्यात. न दुखणारा आणि आपोआप जाणारा फोड म्हटलं की डॉक्टरच्या मनात पहिलं नाव सिफिलिसचं येतं. फोड जातो, आजार जात नाही, तो आतल्या आत पुढं सरकतो, नंतर तळहात-तळपायावर रॅश येऊ शकते, आणि बऱ्याच वर्षांनी हृदय, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. एक साधी रक्ताची टेस्ट आणि पेनिसिलिन, इतका सोपा इलाज असताना लाजेखातर कुणी मेंदूवर जाईपर्यंत थांबावं याचा मला मनापासून त्रास होतो. असे फोड असताना एचआयव्ही अंगात शिरायलाही वाट सोपी होते, म्हणून ती टेस्ट बरोबरच. सरकारी हॉस्पिटलमध्ये सुरक्षा क्लिनिक असतं, गुप्तरोगांसाठीच, तिथं केसपेपर काढ. आणि जिच्याशी संबंध आले तिलाही तपासायला सांग, नाहीतर परत तुझ्याकडंच येईल. तोंडानं केलेल्या संबंधातूनही हे येतं बरं का, त्यात एचआयव्हीचा धोका अगदी कमी असला तरी सिफिलिस, गनोरिया, हर्पिस आरामात येतात.

प्रश्न : एचपीव्हीची लस लहान मुलींना देतात ना? मी २१ ची, संबंध आलेत. आता घेऊन उपयोग?

उत्तर : आहे. संबंध सुरू व्हायच्या आधी घेतली तर सगळ्यात जास्त फायदा, पण ही लस एचपीव्ही या व्हायरसच्या अनेक प्रकारांविरुद्ध असते, त्यातला एखादा तुला येऊन गेला असला तरी बाकीच्यांपासून ती वाचवते. एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोनच प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरला कारण आहेत. हा कॅन्सर या व्हायरसमुळं होतो हे शोधणारे हाराल्ड त्सुर हाउसेन आणि एचआयव्ही शोधणारे फ्रान्सवाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक मोंतानिए यांना २००८ चं नोबेल एकत्रच मिळालं. तुझ्या वयाला सहसा तीन डोस देतात. लस घेतली तरी पुढं पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयमुखाची तपासणी, सोडायची नाही. मुलग्यांनीही घ्यावी, त्यांना मस्से आणि घशाचे, गुदद्वाराचे कॅन्सर त्याच व्हायरसनं होतात.

प्रश्न : मी आमच्या कॉलेजच्या रेड रिबन क्लबचा (एड्सजागृतीच्या) विद्यार्थी प्रतिनिधी आहे. दर १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, आम्ही रॅली काढतो, पोस्टर स्पर्धा घेतो, रांगोळी काढतो. तुमच्या मते अजून काय करता येईल?

उत्तर : रॅली काढा, १९८८ पासून जगभर हा दिवस पाळतात, त्याला अर्थ आहे. पण पोस्टरवर कवटी काढू नका, हाडांचे सापळे, साप, काळे ढग काढू नका. वर ज्या रूममेटबद्दल लिहिलंय तसा एखादा मुलगा तुमच्या पोस्टरसमोरून रोज लेक्चरला जातो. आणि कवटी बघून घाबरलेला मुलगा टेस्टला जात नाही, आणखी लांब पळतो.

त्याऐवजी जवळच्या आयसीटीसीत एकदा स्वतः जाऊन या. गेटमधून आत गेल्यावर कुठल्या बाजूला वळायचं, केसपेपर कुठल्या खिडकीवर, खोली कितव्या मजल्यावर, वेळ काय, जेवणाची सुट्टी कधी, हे सगळं लिहून आणा. तिथल्या काउन्सेलरला कॉलेजात बोलवा, पण भाषणाला नको, आदल्या आठवड्यात लायब्ररीबाहेर एक बंद पेटी ठेवा, त्यात कुणीही नाव न घालता चिठ्ठी टाकेल, आणि काउन्सेलरनं फक्त त्या चिठ्ठ्यांनाच उत्तरं द्यायची. प्राध्यापक हॉलमध्ये मागं बसले की मुलं हसत पण नाहीत आणि विचारत पण नाहीत, त्यांना विनंती करून बाहेर बसवा. मॉडेलवर कंडोम घालून दाखवायला सांगा, मुलं-मुली एकत्र असताना, पहिली पाच मिनिटं खुसखुस होते मग सगळे माना वर करून बघतात. प्राचार्य नको म्हणाले तर काउन्सेलरलाच त्यांच्याशी बोलू द्या, अशी परवानगी मिळवणं त्यांच्या रोजच्या कामातलं आहे.

आणि वर्षभर टिकेल असं एक काम. मुलांच्या आणि मुलींच्या प्रत्येक टॉयलेटमध्ये, दाराच्या आतल्या बाजूला, जिथं माणूस एकटा असताना निवांत वाचू शकतो, तिथं एक छोटा कागद चिकटवा. त्यावर १०९७, आयसीटीसीचा मजला आणि वेळ, कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली तर पेपसाठी ७२ तासांच्या आत कॅज्युअल्टीत जा, गर्भ नको असेल तर वेगळी गोळी. एवढंच लिहा, मोठ्या अक्षरात. फाटला की दुसरा लावायचं काम क्लबमधल्या एकाला नेमून द्या.